अंदाज चुकला की आधी मॉडेलची जमीन तपासा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: मी इंदूरसाठी ३ किलोमीटरच्या चौकोनी पेट्यांच्या ग्रिडवर डब्ल्यूआरएफ हे हवामान-अंदाजाचं मॉडेल चालवते. एप्रिल-मेमध्ये कमाल तापमान सतत २-३ अंश कमी येतं आणि किमान तेवढंच जास्त येतं. जुलैच्या उघडिपीत मॉडेल रोज दुपारी पाऊस दाखवतं, प्रत्यक्षात आठ-आठ दिवस थेंब पडत नाही. ढगांच्या योजना (मॉडेलमध्ये ढग मोजायच्या पद्धती) बदलल्या, बाउंडरी लेयरच्या, म्हणजे जमिनीलगतच्या हवेच्या थराच्या, योजना बदलल्या, फरक पडला नाही. सांवेर-देपालपूरच्या सोयाबीनवाल्यांना यावरून सल्ला द्यायचा आहे. जमिनीची मांडणी बदलून इतका फरक पडू शकतो का?

पडतो. तुम्ही सांगितलेल्या तिन्ही तक्रारी मला एकाच दुखण्याच्या वाटतात. तुमच्या मॉडेलमधला माळवा खऱ्या माळव्यापेक्षा ओला आणि हिरवा आहे. हे दुखणं जमिनीत असताना तुम्ही ढगांत उपाय शोधत होतात, म्हणून सहा योजना बदलूनही आलेख जागचा हलला नाही. इंदुरातच बसून वीसेक वर्षं हे काम करताना मीही बराच काळ हेच केलं आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी हिशेब करू, म्हणजे २-३ अंश कुठून येतात ते दिसेल. सूर्याकडून जमिनीला मिळालेली ऊर्जा तीन वाटांनी जाते: थोडी मातीत मुरते, काही हवा तापवते आणि काही पाण्याची वाफ करते. वाफ करण्यात गेलेली ऊर्जा हवा तापवायला उरत नाही. दिवसाला १ मिलिमीटर पाण्याचं बाष्पीभवन म्हणजे दिवसभराच्या सरासरीने दर चौरस मीटरला साधारण २८ वॉट. समजा तुमचं मॉडेल एप्रिलमध्ये खऱ्यापेक्षा रोज फक्त २ मिलिमीटर जास्त वाफ करतंय. दर चौरस मीटरमागे ती ऊर्जा झाली सुमारे ४९ लाख ज्यूल. जमिनीलगतचा २ किलोमीटर जाडीचा हवेचा थर १ अंशाने तापवायला सुमारे २० लाख ज्यूल लागतात. म्हणजे दुपारच्या तापमानात जवळजवळ अडीच अंशांची तूट. तुमची तक्रारही तेवढीच आहे. रोजचं २ मिलिमीटर ऐकायला क्षुल्लक वाटतं. पावसाच्या नोंदीत आपण ते 'नाममात्र' म्हणून सोडून देतो.

आता हे जादा पाणी एप्रिलपर्यंत टिकतं कसं? डब्ल्यूआरएफला जोडलेल्या नोआ या जमीन-मॉडेलमध्ये मातीचे चार थर असतात: १०, ३०, ६० आणि १०० सेंटिमीटर जाडीचे, एकूण २ मीटर. या २ मीटरमध्ये ओलाव्याचा आकडा (मातीच्या घनफळातला पाण्याचा हिस्सा) सगळीकडे फक्त ०.०५ ने जास्त असला, तर ते १०० मिलिमीटर पाणी झालं. रोज २ मिलिमीटर खर्च केलं तरी ५० दिवस पुरेल. हवेला स्मृती चार दिवसांची, मातीला महिन्यांची. रन सुरू करताना दिलेली चूक त्या रनच्या शेवटापर्यंत तुमच्यासोबत राहते, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही त्याच स्रोतातून पुन्हा सुरुवात केली की तीच चूक पुन्हा पाहुणी येते.

एप्रिलच्या शेवटी देपालपूरकडच्या एखाद्या शेतात उभ्या राहा. गहू काढून महिना झालेला असतो. काही शेतांत नरवाई (गव्हाची धसकटं) तशीच उभी, काही शेतांत जाळलेली, काळीभोर. जमिनीला भेगा पडलेल्या असतात. मनगट आत जाईल एवढ्या रुंद, आणि हातभर काठी सहज उतरते. वरची दोन-तीन बोटं माती भुसभुशीत, भाजलेली. दुपारी तिच्यावर अनवाणी पाऊल ठेववत नाही. त्याच ठिकाणी फावडं मारून एक वीत खाली हात लावला तर माती कोमट लागते. कोरडी, सैल माती उष्णता खाली जाऊ देत नाही, म्हणून वरचं कातडं भयंकर तापतं आणि सूर्य कलला की तेवढ्याच वेगाने निवतं. माळव्याच्या रात्री ज्यासाठी नावाजल्या जातात, त्या 'शब-ए-मालवा'मागे ५५० मीटरची उंची आणि निरभ्र आकाश आहेच, पण ही निवणारी कोरडी माती त्यात बरोबरीची भागीदार आहे. एप्रिलमध्ये इथे दिवस-रात्रीच्या तापमानात पंधरा अंशांहून जास्त फरक पडतो तो असा.

ओल्या मातीत नेमकं उलटं होतं. पाणी उष्णता साठवतं, खाली वाहून नेतं, रात्री परत वर देतं. शिवाय हवेत बाष्प जास्त असलं की रात्रीची उष्णता बाहेर निसटायलाही वेळ लागतो. म्हणून कमाल कमी आणि किमान जास्त, ही जोडी एकत्र दिसली की माझा पहिला संशय मातीच्या ओलाव्यावर जातो. खात्री करायला दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं दव होऊ लागतं तो आकडा, पाहा. तापमान अनेक कारणांनी चुकतं, दवबिंदू सहसा खोटं बोलत नाही. दुपारचा दवबिंदू मॉडेलमध्ये निरीक्षणापेक्षा रोज ४-५ अंश वर असेल, तर जमीन वाफ सोडतेय हे नक्की समजा.

मात्र त्याआधी दोन गोष्टी बाजूला काढा, नाहीतर माझंच निदान चुकेल. एक, उंची. ज्या ग्रिडपेटीशी तुम्ही स्टेशनची तुलना करताय तिची मॉडेलमधली उंची आणि स्टेशनची खरी उंची यांत १०० मीटरचा फरक असेल तर दुपारी जवळजवळ १ अंश तिथेच गेला. इंदूर शहरात हा प्रश्न फारसा नाही, पण महूच्या पुढे मानपूर घाट किंवा जाम गेटकडे विंध्याचा कडा एकदम निमाडात उतरतो, तिथे ग्रिडची उंची ही कडा आणि दरीची सरासरी असते आणि ती दोन्हीकडची नसते. दोन, विमानतळाची पेटी शहरात मोजली गेलीय का ते पाहा. आपलं निरीक्षण विमानतळावरचं. आजूबाजूला गवत आणि मोकळं रान. मॉडेलने ती पेटी 'शहर' धरली असेल तर रात्रीचं तापमान केवळ त्यामुळेच वर राहील, मातीचा काही दोष नसताना.

आता नकाशाकडे येऊ. मॉडेलला जमीन कोण सांगतं? जिओग्रिडची, म्हणजे जमिनीची माहिती ग्रिडवर बसवणाऱ्या डब्ल्यूआरएफच्या पायरीची, एक फाइल. तिच्यात दर पेटीला जमीन-वापराचा एक क्रमांक, मातीचा एक क्रमांक, महिन्यागणिक हिरवाईचं प्रमाण. हे क्रमांक एका तक्त्यातून परावर्तन, खडबडीतपणा, मुळांची खोली, पानांच्या रंध्रांचा विरोध असे गुणधर्म उचलतात. बहुतेक लोक ही फाइल एकदा बनवतात आणि आयुष्यात उघडून पाहत नाहीत. माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे: ती आज उघडा आणि इंदूरभोवतीच्या पन्नास किलोमीटरचा नकाशा कागदावर छापा.

तुमच्या सेटअपमध्ये अजून जुना यूएसजीएसचा २४ वर्गांचा नकाशा असेल तर तो एप्रिल १९९२ ते मार्च १९९३ या काळातल्या उपग्रह चित्रांवरून बनलेला आहे. त्यात ना इंदूरचा सुपर कॉरिडॉर आहे, ना बायपासच्या पलीकडची वस्ती. मोडिस या उपग्रहावरच्या उपकरणाचा नकाशा यापेक्षा बराच बरा, पण तोही शहराच्या कडेला मागेच राहतो. आपल्या देशासाठी हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने एडब्ल्यूआयएफएस या ५६ मीटरच्या चित्रांवरून दरवर्षीचे जमीन-वापराचे नकाशे केले आहेत. त्यांचे वर्ग मॉडेलच्या वर्गांत बसवायला चार दिवस जातील, पण त्यांत खरिपाचं, रब्बीचं आणि दुबार पिकाचं क्षेत्र वेगळं दाखवलेलं असतं, आणि माळव्यासाठी हाच फरक लाखमोलाचा आहे.

छापलेल्या नकाशात इंदूरजवळचा यशवंत सागर तलाव शोधा. ३ किलोमीटरच्या पेटीत तो जेमतेम एक-दोन पेट्या भरेल. त्या पेट्यांना 'पाणी' हा वर्ग मिळाला असेल तर त्या पाण्याचं तापमान कुठून आलं ते तपासा. वेगळा सरोवर-वर्ग आणि त्याची सरासरी तापमानाची सोय वापरली नसेल, तर मेटग्रिड (सुरुवातीचे हवामानाचे आकडे ग्रिडवर बसवणारी पायरी) जवळच्या समुद्राचं तापमान ओढून आणू शकतं. मी एकदा जानेवारीच्या एका रनमध्ये पहाटे यशवंत सागरवर हवेचा गरम फुगा पाहिला होता. तलावाचं पाणी खंबातच्या आखातासारखं तापलेलं! दोन पेट्यांची चूक, पण वाऱ्याच्या दिशेला दहा-पंधरा किलोमीटरपर्यंत धुक्याचा अंदाज तिने पुसून टाकला होता.

आणखी एक गोष्ट नकाशात दिसत नाही, ती पेटीच्या आत असते. साध्या नोआत पेटीतला सर्वांत मोठा वर्ग अख्ख्या पेटीला लागतो. ३ किलोमीटरची पेटी म्हणजे ९ चौरस किलोमीटर. त्यात चाळीस टक्के वस्ती, पस्तीस टक्के शेत आणि बाकी पडीक असेल तर मॉडेल शंभर टक्के वस्ती धरतं. मोझेक पर्याय चालू केला तर एकाच पेटीत दोन-चार वर्ग वेगवेगळे मोजून त्यांची सरासरी घेतली जाते. नोएडाचं राष्ट्रीय मध्यम पल्ला हवामान अंदाज केंद्र जे मॉडेल चालवतं, त्यातल्या ज्यूल्स या जमीन-मॉडेलात ही वाटणी मुळातच आहे: पाच प्रकारच्या वनस्पती, शहर, पाणी, उघडी माती आणि बर्फ असे नऊ हिस्से. इंदूरच्या कडेच्या गावांसाठी मोझेकचा फायदा मला स्पष्ट दिसला आहे. सपाट सोयाबीनच्या पट्ट्यात तो जवळजवळ नाही.

आता ज्या एका गोष्टीसाठी मी हे सगळं लिहायला बसलो, ती सांगतो. माळव्याची जमीन वर्षात चार वेळा वेश बदलते, आणि मॉडेलला ती एकच जमीन वाटते: 'शेतजमीन', बारा महिने.

आमच्या आजोबांच्या पिढीत इथली बरीचशी काळी जमीन पावसाळ्यात पडीक ठेवायचे. पावसाचं पाणी मातीत जिरवायचं आणि त्या ओलीवर रब्बीचा गहू, हरभरा घ्यायचा. १९७०च्या दशकानंतर सोयाबीन आलं आणि पसरत गेलं. जुलै-ऑगस्टमध्ये जिथे उघडी काळी ढेकळं होती तिथे पानांचं छत आलं. हवामानाच्या दृष्टीने हा केवढा मोठा बदल आहे पाहा: उघडी माती वरचे दोन-चार बोटं वाळली की बाष्पीभवन जवळजवळ थांबवते, तर सोयाबीन हातभर खोलीवरचं पाणी उपसून हवेत सोडत राहतं. मग ऑक्टोबरात कापणी, पुन्हा उघडी जमीन. नोव्हेंबरात पलेवा (पेरणीआधीचं पाणी) देऊन गव्हाची पेरणी, पुढे तीन-चार पाणी, जानेवारीत सगळा परिसर हिरवागार. मार्चअखेर पुन्हा मोकळी, भेगाळलेली. एवढं सगळं एकाच क्रमांकाखाली.

महिन्यागणिक हिरवाईचे आकडे असतात हे खरं, पण ते अनेक वर्षांच्या सरासरीचे आणि ढोबळ जाळीचे. मॉडेलमधलं शेत तारखेवर हिरवं होतं. इथला शेतकरी तारखेवर पेरत नाही, चार इंच पाऊस झाल्यावर पेरतो. पाऊस जूनअखेर पुरा झाला तर ठीक. तो जुलैच्या दहा तारखेला पुरा झाला तर खरी जमीन काळी असते आणि मॉडेलमधली पोपटी. आणि एप्रिलमध्ये काय होतं? नोआच्या तक्त्यात शेतजमिनीची मुळं तीन थरांत, म्हणजे १ मीटर खोलपर्यंत धरलेली असतात. तुमच्या मॉडेलमध्ये कापून घरी गेलेला गहू एप्रिलमध्येही १ मीटर खोलवरून पाणी ओढतोय. रोजचे ते २ मिलिमीटर इथून येतात. उपाय अवघड नाही: मोडिसच्या चालू आठवड्याच्या हिरवाईच्या चित्रांवरून हे प्रमाण स्वतः भरा. माझ्या कामात या एका बदलाने जेवढं दिलं तेवढं कोणत्याही ढगांच्या योजनेने दिलं नाही.

मातीच्या ओलाव्याबद्दल मात्र फार सावध राहा, कारण इथे माझ्या हातून एक चूक झाली आहे आणि तिची किंमत दुसऱ्यांनी मोजली. काही वर्षांपूर्वी सांवेरकडच्या शेतकऱ्यांच्या एका गटाला मी रोज अंदाज देत असे. पेरणी होऊन पंधरा-सोळा दिवस झाले होते, सोयाबीनवर तणनाशक मारायची वेळ होती. मॉडेल रोज दुपारी पाऊस दाखवत होतं. फवारल्यावर लगेच पाऊस आला तर औषध धुऊन जातं, म्हणून मी सांगितलं, थांबा. ते थांबले. चार दिवस, सहा दिवस, नऊ दिवस. आभाळ कोरडं. तोवर तण औषधाच्या हाताबाहेर गेलं आणि बायामाणसं लावून खुरपणी करावी लागली. गटातले एक काका मला एवढंच म्हणाले, "साहेब, शेतात वाफसा सरून आठ दिवस झाले, तुमच्या यंत्राला कळलं नाही का?" वाफसा म्हणजे मातीतली पेरणी-मशागतीजोगी ओल.

कळलं नव्हतं. मी आदल्या महिन्यात सुरुवातीच्या ओलाव्याचा स्रोत बदलला होता. नवीन जागतिक विश्लेषणाचे (निरीक्षणं आणि जागतिक मॉडेल जुळवून केलेल्या स्थितीचे) आकडे जसेच्या तसे माझ्या नोआत ओतले होते. आता बघा, काय होतं. ओलाव्याचा आकडा ०.२० आहे असं समजा. नोआच्या तक्त्यात चिकणमातीत पीक पाणी ओढू शकत नाही ती खालची मर्यादा ०.१३८, आणि जलधारण क्षमता ०.४१२. त्या मापाने ०.२० म्हणजे पिकाच्या हातातलं पाणी चौथ्या हिश्श्याहूनही कमी. तोच ०.२० वालुकामय पोयट्यात, जिथे खालची मर्यादा ०.०४७ आहे, पिकाला निम्म्याच्या आसपास पाणी आहे असं सांगतो. एकच आकडा एका मातीत तहान, दुसऱ्या मातीत तृप्ती. आणि त्या जागतिक मॉडेलची माती माझ्या मातीपेक्षा वेगळी होती. आकडा नाही, मर्यादांमधलं त्याचं स्थान न्यायचं असतं. मग ते आपल्या मातीच्या मापात परत बदलायचं. हे मला पुस्तकात वाचून माहीत होतं, तरी त्या महिन्यात घाईत राहून गेलं.

त्याहून खोल अडचण अशी की माळव्याची खरी काळी माती तक्त्यातल्या 'चिकणमाती'सारखीही वागत नाही. तिची खालची मर्यादा ०.१३८पेक्षा बरीच वर असते. ती पाणी धरून ठेवते पण पिकाला देत नाही. तक्ता तसाच ठेवला तर उघडिपीच्या दुसऱ्या आठवड्यात खरं सोयाबीन पानं मिटून बसलेलं असतं आणि मॉडेलमधलं अजून पाणी पीत असतं. शिवाय भेगा. पहिल्या पावसाचं पाणी भेगांतून थेट खाली उतरतं. माती फुगली, भेगा मिटल्या की तीच जमीन पाणी आत घ्यायला तयार नसते आणि सगळं शेतावरून वाहतं. साध्या नोआत भेग ही गोष्टच नाही. मी मर्यादेचा आकडा स्थानिक मातीच्या चाचणीवरून बदलतो. भेगांसाठी माझ्याकडे समाधानकारक उपाय नाही, एवढं ध्यानात ठेवून जूनच्या ओलाव्यावर कमी भरवसा ठेवतो.

सुरुवातीचा ओलावा मिळवण्याची सर्वांत विश्वासाची पद्धत म्हणजे जमीन-मॉडेल एकटंच, हवेच्या मॉडेलशिवाय, वर्षभर किंवा जास्त चालवून आणणं. पाऊस निरीक्षणातला, ऊन आणि वारा विश्लेषणातला. चिकणमातीत खालचे थर स्थिरावायला वेळ लागतो, तेव्हा मागचा अख्खा पावसाळा तरी आत यायलाच हवा. उपग्रहाचा ओलावा तपासणीसाठी वापरा. एसएमएपी हा मातीचा ओलावा मोजणारा उपग्रह २०१५ पासून आकाशात आहे, पण तो वरचे सुमारे पाचच सेंटिमीटर पाहतो आणि त्याची मूळ जाळी साधारण ३६ किलोमीटरची; रडार त्याच वर्षी बंद पडलं. पाच सेंटिमीटरवरून १ मीटरचं अनुमान काळ्या मातीत धोक्याचं आहे.

तुमच्या उघडिपीतल्या खोट्या पावसाकडे वळतो. ओली जमीन म्हणजे जास्त बाष्प, जास्त बाष्प म्हणजे जास्त पाऊस, हे गणित मोठ्या पटावर काही अंशी खरं आहे. २००४ मध्ये रँडल कोस्टर आणि सहकाऱ्यांनी बारा जागतिक मॉडेलं ताडून मातीचा ओलावा आणि पाऊस यांचं नातं घट्ट असलेले जे पट्टे दाखवले, त्यांत उत्तर अमेरिकेची गवताळ मैदानं आणि आफ्रिकेचा साहेल यांच्यासोबत भारतही आहे. पण दुपारच्या स्थानिक पावसाचं वागणं निराळं असू शकतं. क्रिस्टोफर टेलर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये जगभरच्या निरीक्षणांवरून दाखवलं की दुपारचा पाऊस आजूबाजूपेक्षा कोरड्या मातीवर सुरू होण्याकडे कल असतो. कोरडा तुकडा जास्त तापतो, तिथली हवा वर उठते आणि ओल्या तुकड्यांकडून बाष्प आत ओढून घेते. म्हणजे पाऊस कुठे सुरू होणार हे ओल्या-कोरड्या तुकड्यांच्या सीमेवर ठरतं. तुमच्या मॉडेलमध्ये सीमाच नाही. सगळा माळवा एकसारखा ओला, एकसारखा हिरवा. अशा जमिनीवर दुपारी बाउंडरी लेयर उथळ राहतो, बाष्प त्यात कोंडतं आणि जरा उचल मिळाली की मॉडेल सगळीकडे पाऊस पाडतं. खऱ्या उघडिपीत वरची कोरडी हवा खाली मिसळून ते बाष्प पातळ झालेलं असतं. म्हणून उघडिपीत पावसाच्या आकड्यांआधी बाउंडरी लेयरची दुपारची जाडी पाहा. चूक तिथे आधी दिसते.

प्रत्येक चुकीचा दोष जमिनीला देऊ नका, हेही सांगतो. बंगालच्या उपसागरातून आलेला कमी दाबाचा पट्टा माळव्यावर दोन दिवस बसला तर पहिल्या चोवीस तासांत मातीचा ओलावा बदलून पावसात फारसा फरक पडत नाही. तिथे बाष्प बाहेरून येतं. ऑगस्ट २०२० मधल्या इंदूरच्या त्या अतिवृष्टीच्या रात्रीसारख्या घटनेत मी जमिनीपासून सुरुवात करणार नाही. हिवाळ्यातल्या पश्चिमी विक्षोभाचंही तसंच. वारा मंद, आकाश मोकळं आणि वरून काही ढकलणारं नसेल तेव्हा जमीन बोलते: एप्रिल-मे, पावसातली उघडीप, ऑक्टोबरचा उकाडा, डिसेंबर-जानेवारीची पहाट.

पहाटेचं धुकं हा या यादीतला मला सर्वांत जवळचा भाग. साध्या रनमध्ये सिंचन नसतं. मॉडेलच्या हिशेबाने ऑक्टोबरनंतर पाऊस नाही, म्हणजे जानेवारीत माती कोरडी. प्रत्यक्षात गव्हाला पाणी सुटलेलं असतं, संध्याकाळी शेतावरून जाताना गार ओलसर हवा अंगाला लागते, आणि पहाटे सांवेर रस्त्यावर समोरचं काही दिसत नाही. मॉडेल त्या दिवशी स्वच्छ सूर्योदय दाखवतं. म्हणजे एप्रिलमध्ये तुमचं मॉडेल जास्त ओलं आणि जानेवारीत जास्त कोरडं, एकाच सेटअपमध्ये. म्हणून एक ठरावीक आकडा वजा करून किंवा मिळवून हे सुधारत नाही. डब्ल्यूआरएफच्या नव्या आवृत्त्यांत सिंचनाच्या योजना आल्या आहेत. त्यांना फक्त पाणी दिलेल्या शेताचा नकाशा आणि पाण्याचं वेळापत्रक द्यावं लागतं. वेळापत्रक शेतकऱ्यांकडूनच घ्या. पहिलं पाणी पेरणीनंतर सुमारे तीन आठवड्यांनी हे ते सांगतील, आणि विजेच्या पाळ्या कोणत्या वेळी असतात हेही.

कामाचा क्रम मी असा ठेवीन. आधी स्टेशनची उंची आणि पेटीचा वर्ग. मग चार-पाच निरभ्र दिवस निवडून तापमानाच्या रोजच्या फरकाचा आणि दवबिंदूचा आलेख. त्यानंतर फक्त हिरवाईचं प्रमाण बदलून तेच दिवस पुन्हा चालवा. मग फक्त ओलावा. मग फक्त मातीची खालची मर्यादा. एका वेळी एकच गोष्ट बदला. उष्णता हवेत किती सहज जाते हे ठरवणारा एक गुणांक नोआत आहे, तो पिरगाळून तापमान हवं तसं जुळवता येतं आणि लोक तसं करतात. त्याने एप्रिल जुळेल, पण मातीची चूक झाकली जाईल आणि जुलैत दुसऱ्या रूपात वर येईल. ढगांच्या योजना सगळ्यात शेवटी.

खात्रीची निरीक्षणं कमी आहेत ही अडचण खरी आहे, पण परिस्थिती बदलतेय. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने सीहोर जिल्ह्यात सीलखेडा इथे निरीक्षणांचं मोठं केंद्र उभारलं आहे, म्हणजे आपल्याच पठारावर, आपल्याच काळ्या मातीवर. तिथली मोजमापं हाताशी आली तर वर मी अंदाजाने बोललोय त्या बऱ्याच गोष्टी मोजून सांगता येतील. तोपर्यंत शेतात फावडं मारणं हे सर्वांत स्वस्त उपकरण आहे.

तुमच्या एप्रिलच्या रनमधले कोणतेही चार निरभ्र दिवस, चारही थरांचा सुरुवातीचा ओलावा आणि दुपारी अडीचचा दवबिंदू एवढं मला पाठवा. आणि जमलं तर येत्या रविवारी सकाळी लवकर निघून सांवेरच्या त्या काकांच्या शेतावर जाऊ. १०, ४० आणि १०० सेंटिमीटरवरची माती डब्यांत भरून आणायची, ओली वजन करायची, भट्टीत वाळवून पुन्हा वजन करायची. तुमच्या फाइलमधल्या आकड्यांशेजारी ते तीन आकडे लिहिले की पुढचं बोलू.